शिल्लक कुणाकडे

४ मार्च

धाकट्या,

तू परदेशात गेल्यापासून पत्र लिहीत नाहीस म्हणून मी अबोला धरणार होते, पण बातमीच अशी आहे की राहवत नाही. काल अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं, यंदा आपला देश दोन्हीकडून शिलकीत आहे. सरकारच्या तिजोरीत आलं ते खर्चापेक्षा जास्त, आणि परदेशात गेलेला माल परदेशातून आलेल्या मालापेक्षा जास्त. शाळेत अर्थशास्त्र शिकवायला लागल्यापासून मी फळ्यावर 'तूट' हाच शब्द लिहीत आले. काल पहिल्यांदा 'शिल्लक' लिहिला तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या.

दुसरी बातमी माझी. नव्या पाठ्यपुस्तकात या विषयावर जो धडा यायचाय, तो लिहायला समितीने मला सांगितलंय. मला! मुख्याध्यापिकाबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सुरुवात अशी केलीय:

'ज्या वर्षी सरकारचं उत्पन्न खर्चापेक्षा जास्त असतं, त्या वर्षीचं अंदाजपत्रक शिलकी असतं. ज्या देशाची निर्यात आयातीपेक्षा जास्त असते, त्याचा व्यापारशेष अनुकूल असतो. उलट असेल तर प्रतिकूल. शिलकी देश म्हणजे कष्टाळू आणि काटकसरी माणसांचा देश.'

वाच आणि कळलं का सांग. तुला कळलं तर मुलांना कळेलच, तुझं लक्ष अभ्यासात किती असायचं ते मला ठाऊक आहे. निर्यातीत सगळ्यात वर कोण आहे माहितीये? आपली सायकल. तुझ्या भाऊजींच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या चालू आहेत. ज्या खात्यात त्यांनी तुला हाताला धरून चाकं बांधायला शिकवलं, तिथे आता उभं राहायला जागा नाही.

तुझी बायको कशी आहे? तुझा कारखाना काय म्हणतो?

ताई


२२ मार्च

ताई,

नमस्कार करतो आणि लगेच भांडतो.

तुझा धडा वाचला. 'अनुकूल' म्हणजे कुणाला अनुकूल? तेवढं लिहायचं राहिलंय.

माझा कारखाना काय म्हणतो विचारलंस. काही म्हणत नाही, दाराला कुलूप आहे. दोन महिने झाले. तुला कळवलं नव्हतं, कारण तू लगेच 'परत ये' म्हणाली असतीस आणि मला ते ऐकायचं नव्हतं. शेवटच्या दिवशी मालकाने सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाला, "मी नुसती चौकट ज्या भावात बनवतो त्या भावात बाहेरून अख्खी सायकल येते, घंटीसकट. मी काय करू?" आम्ही काय सांगणार? आम्ही चहा प्यायलो.

मग मी बाजारातल्या मोठ्या दुकानात गेलो. तिथे रांगेने उभ्या होत्या तुमच्या सायकली. एकीचं पुढचं चाक उचलून फिरवलं. तारा कशा ओढल्यात, गाठ कुठे आवळलीय ते बघितलं आणि लगेच ओळखलं. ती पद्धत भाऊजींच्या खात्यातली आहे. जगात दुसरीकडे कुणी तशा तारा भरत नाही. दुकानदार म्हणाला, "घ्यायचीय का? नसेल तर हात लावू नका."

तुझ्या फळ्यावर जे 'शिल्लक' म्हणून लिहिलंस ना, ते इथे 'तूट' म्हणून लिहिलं जातं. तोच माल, तोच आकडा. सगळ्या देशांना एकदम शिलकीत राहता येतं का, हे एकदा तुझ्या समितीला विचार. कुणीतरी जास्त विकायचं तर कुणीतरी जास्त विकत घ्यायलाच हवं ना! तुमच्या वर्गात टाळ्या वाजल्या तेव्हा इथे आमच्या पोटावर पाय पडला.

भाऊजींचं अभिनंदन कर. दोन पाळ्या म्हणजे पगार भरभक्कम वाढला असेल. नवं घर बांधा. आम्ही बघायला येऊ, भाड्याची सोय झाली तर.

धाकटा


१५ एप्रिल

धाकट्या,

दोन महिने नोकरी नाही आणि मला आज कळवतोस, तेही टोमण्यात गुंडाळून? मी परकी आहे का? पत्र वाचून आधी रडले आणि मग संतापले. आता संतापलेल्या ताईचं ऐक.

तुमचा देश वर्षानुवर्षं जेवढं विकतो त्यापेक्षा जास्त विकत घेतो. फरक कशाने भरतो? उधारीने. आम्ही कुणाच्या मानेवर सुरी ठेवून सायकली खपवल्या नाहीत. तुमच्याच लोकांनी स्वस्त बघून घेतल्या. मग उधळ्या माणसाने काटकसरी माणसाला शिव्या द्यायच्या, हा कुठला न्याय? आम्ही इथे पोटाला चिमटा काढून राहतो म्हणून शिल्लक पडते. तुला ते दिवस आठवत नसतील, तू निघून गेलास. इथे चांगलं चाललं होतं तुझं. भाऊजींनी साहेबांच्या पाया पडून तुला चिकटवलं होतं, तर म्हणे इथे वाव नाही. मग आता तिथल्या वावाचं काय झालं?

हे लिहायला नको होतं, पण लिहिलं गेलं. खोडत नाही.

तुझे भाऊजी बरे आहेत. धडा जवळजवळ पूर्ण झालाय. खर्चाला काही पाठवू का? खरं सांग.

ताई


६ मे

ताई,

मला वर्गात बसवू नकोस. मी तुझा विद्यार्थी नाही आणि माझ्या देशाने काय उधार घेतलं ते मला विचारून घेतलं नव्हतं. मी कुणाकडून कपभर साखरही उधार आणलेली नाही. 'तुमचा देश' म्हणून तू माझ्याकडे बोट दाखवतेस. देश दुकानात जाऊन सायकल घेत नाही, माणसं घेतात. आणि ज्यांनी घेतल्या, त्यांतले अर्धे लोक स्वस्तच घेणार होते, कारण त्यांच्या आधीच नोकऱ्या गेल्यात.

बायको तीन घरी झाडू-फरशी करते. ती घरी येते तेव्हा मी भांडी घासून ठेवलेली असतात. ती काही बोलत नाही. ती बोलत नाही ह्याचाच मला जास्त राग येतो.

पैसे पाठवू नकोस. तुमच्या शिलकीतला एक दाणा मला नको. भाऊजी बरे आहेत म्हणतेस, ते असणारच. ज्याचा माल जगभर खपतो त्याला काय धाड भरणार आहे?

पुढच्या महिन्यात आम्ही सगळे, इथले आणि गावाबाहेरच्या दोन बंद कारखान्यांतले, बंदरावर जाणार आहोत. तिथे कंटेनर उतरतात. काय करणार ते ठरलेलं नाही. पण कुणाच्या तरी कानावर जायला हवं, इतकं ठरलंय.

धाकटा


११ जून

धाकट्या,

तू काय केलंस ते मला वर्तमानपत्रातून कळलं.

पहिल्या पानावर फोटो आहे. कंटेनरच्या टपावर एक माणूस उभा आहे, त्याने दोन्ही हातांनी सायकलचं चाक डोक्यावर धरलंय, खाली खोके जळतायत. तोंड उघडं आहे, काहीतरी ओरडतोय. खोक्यांवर आमच्या कारखान्याची मोहोर स्पष्ट दिसते. आणि तो माणूस तू आहेस.

मी सकाळी शाळेत होते. तुझ्या भाऊजींना तो फोटो चहाच्या सुट्टीत दिसला. पेपर हातोहात फिरत त्यांच्यापर्यंत आला. कुणीतरी म्हणालं, "हा तुमचा मेहुणाच ना हो? इथेच होता की आपल्यात!" यांनी पेपर घडी करून पुढच्या माणसाला दिला आणि कामाला लागले. संध्याकाळी घरी आले तेव्हा मी विचारलं, "बघितलंत?" म्हणाले, "बघितलं." जेवायला वाढलं तर ताटावरून उठले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस ताटावरून कधी उठला नव्हता.

आता तुला सांगते मी काय लपवत होते. 'बरे आहेत' हे खोटं होतं. त्यांचं उजवं मनगट गेलंय. दोन पाळ्या तारा आवळून आवळून शीर धरली, बोटं मिटत नाहीत. पगारवाढ? तीन वर्षांत एक पैसा नाही. मालक म्हणतो, पगार वाढवला तर माल महाग होईल आणि परदेशातली गिऱ्हाइकं जातील. सरकार म्हणतं, देशासाठी थोडं सोसा. संघटना काढायला बंदी. कामगारांसाठी उपचार केंद्र होतं, तिथे मनगटाला शेक आणि व्यायाम मिळायचा. ते गेल्या वर्षी बंद केलं. 'खर्चात बचत' म्हणून. अर्थमंत्र्यांनी जी शिल्लक दाखवली, तिच्यात ही बचत धरलेली आहे. मी जिच्यावर धडा लिहितेय ती शिल्लक.

हे मी तुला कळवणार होते. मग तुझं 'नवं घर बांधा' आलं आणि माझी जीभ अडली. तुला आम्ही सुखात दिसत होतो ना? दिसू दे म्हटलं.

ज्या हातांनी तुला शिकवलं त्या हातांचं काम तू जाळलंस. यापुढे मला पत्र लिहू नकोस.

ताई


१९ जून

धाकट्यास,

मी पत्र कधी लिहीत नाही हे तुला माहीत आहे. हाताला पट्टा आहे म्हणून डाव्या हाताने लिहितोय. अक्षर लागलं तर वाच, नाही लागलं तर सोडून दे. तुझ्या ताईला हे सांगितलेलं नाही.

मी तुझ्यावर रागावलो आहे. तो राग लवकर जाणार नाही, तू समजूत काढू नकोस. आमच्या खात्यात बावीस माणसं आहेत. त्या खोक्यांत प्रत्येकाचं काहीतरी होतं. मालकाचं काय जळलं? त्याला विम्याचे पैसे मिळाले. तुमच्याकडच्या दुकानदाराचं काय जळलं? त्याने दुसरा माल मागवला.

एक विचारायचं आहे म्हणून लिहिलं. फोटोत तू जे चाक उचललंयस ते मी भिंग लावून बघितलं. ते वाकडं आहे. चांगला बोटभर आऊट आहे त्याला. तुम्ही आपटलंत म्हणून वाकलं का, की आमच्याकडूनच तसं आलं? आता इथे घाई फार असते. आऊट काढायला पुरता वेळ देत नाहीत, तपासनीस नुसता शिक्का मारतो. आमच्याकडून तसं गेलं असेल तर मला कळायला हवं.

खरं ते लिही. बाकी काही लिहू नकोस.

भाऊजी


३० ऑगस्ट

ताई,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितोय. फाडायचं असेल तर आधी भाऊजींचा निरोप वाचून घे आणि मग फाड. त्यांनी मला पत्र पाठवलं होतं, तुला सांगितलं नसेल. त्यांना एवढंच सांग: चाक आम्ही वाकवलं. खोक्यातून काढलं तेव्हा ते आरशासारखं सरळ होतं. मी खाली ठेवून त्यावर पाय दिला, फोटोवाल्याला दिसावं म्हणून. उत्तर द्यायला मला दोन महिने लागले, कारण हे वाक्य लिहवत नव्हतं.

इकडची बातमी तुमच्याकडे पोचली असेल. सरकारने तुमच्या सायकलींवर भारी कर बसवला. त्या दिवशी आम्ही रस्त्यावर नाचलो. मी कुणाला तरी खांद्यावर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून कारखान्याच्या फाटकाशी गेलो, आता उघडणार म्हणून. मालक गाडीतून उतरला पण नाही. काच खाली करून म्हणाला, "जागा विकली मी. गोदाम होणार आहे इथे."

कसलं गोदाम ते आता कळलंय. सायकलींचं. तुमच्या नव्हेत, तिसऱ्याच एका देशातल्या. तिथे मजुरी तुमच्याहून कमी आहे. भाव जवळजवळ तोच. दुकानात रांगेने उभ्या आहेत, मोहोर तेवढी वेगळी.

मी चिडलोय, ताई. आधी तुमच्यावर चिडलो होतो ते सोपं होतं. आता कुणावर चिडायचं ते नीट दिसत नाही आणि राग तर कमी होत नाही.

एक मात्र मला समजावून सांग. ह्या वेळी खरंच वर्गात बसतो. तीन वर्षं पगार वाढला नाही, दवाखाना बंद केला, भाऊजींचं मनगट गेलं, आणि तरी तुम्ही शिलकीत. मग ती शिल्लक आहे कुणाकडे?

धाकटा


२ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं पत्र फाडलं नाही. यांना चाकाचं सांगितलं. "पाय दिला होय," म्हणाले, आणि उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्याकडून नीट गेलं होतं." राग गेला असं समजू नकोस.

पुढचं ऐक. तुमच्या करामुळे मागणी अर्ध्यावर आली. मागच्या सोमवारी फाटकावर कामावरून काढलेल्यांची नावं लागली. ज्यांचे हात आधीच अधू आहेत त्यांची पहिली. यांचं तिसरं होतं.

आता तुझा प्रश्न. तो वाचून मला आधी झणझणीत राग आला, कारण मला उत्तर येत नव्हतं. मी या विषयाची बाई, धडा लिहिणारी! मग कचेरीतून छापील आकडे आणले आणि बसले. मला जे कळलं ते असं.

सायकली गेल्या, त्याबदली तुमचं चलन आलं. ते आमच्या हातात आलं नाही. मालकाच्या खात्यातून ते बँकेत गेलं आणि देशाच्या मोठ्या बँकेने ते तुमच्याच सरकारला व्याजाने दिलं. म्हणजे आम्हीच तुम्हाला उधार देत होतो, आमच्या सायकली घ्यायला. आणि वर मी तुला उधळ्या म्हणत होते. आमची आयात कमी का? आम्ही काटकसरी म्हणून नव्हे. पगारच वाढले नाहीत तर बाहेरचं काही घेणार कोण? माल सगळा बाहेर, आणि बाहेरचं घरात काही येत नाही. त्याला मी 'अनुकूल' म्हटलं.

आणि सरकारची शिल्लक. सरकार लोकांकडून जेवढं घेतं त्यापेक्षा कमी परत लोकांत सोडतं, तेव्हा त्याच्याकडे शिल्लक पडते. ती कुणाच्या तरी खिशातूनच गेलेली असते. बाहेरून जेवढं देशात आलं, त्यापेक्षा जास्त सरकारने बाजूला ठेवलं, तर राहिलेला फरक घरांना आणि धंद्यांना आपल्या गाठीचा भरावा लागतो, नाहीतर कर्ज काढून. यंदा नेमकं तेच झालंय. मी दोन्ही आकडे शेजारी मांडले आणि कपाळाला हात लावला. मालक लोकांची खाती भरलेली आहेत, तेव्हा फरक कुणी भरला असेल ते तूच ओळख. यांच्या मनगटाच्या औषधासाठी आम्ही पतपेढीतून कर्ज काढलं होतं. देश शिलकीत येत होता तेव्हा आम्ही तुटीत जात होतो. दोन्ही बातम्या एकच होत्या.

शिल्लक वाईट असते असं माझं म्हणणं नाही. वाईट दिवसांसाठी कुणीही काही राखून ठेवतं. पण वाईट दिवस आले ना आता! चार कारखान्यांच्या फाटकांवर नावं लागलीत. आणि अर्थमंत्री काल म्हणाले, "कितीही संकट आलं तरी शिलकीला हात लावणार नाही." ऐकून माझ्या हातातला पेला मी आपटला. मग ठेवलीय कशाला?

धडा पुन्हा लिहिला. समितीपुढे वाचला. अध्यक्ष शांतपणे ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "बाई, यात चूक काही नाही."

"मग छापा."

"चूक असती तर दुरुस्त करून छापला असता. आता काय करायचं?"

"जे आहे ते मुलांना सांगायचं."

"मुलांच्या मनात देशाबद्दल कडवटपणा येईल."

मी म्हटलं, "सर, कडवटपणा मी आणलेला नाही. मी फक्त बेरीज-वजाबाकी केलीय."

त्यांनी माझा पहिला धडा काढला, तो टाळ्यांचा, आणि म्हणाले, "हा किती छान होता!" तोच छापणार आहेत. मी सांगितलं, छापा, पण त्याखाली माझं नाव नको. दार जरा जोरातच लागलं माझ्याकडून.

ताई


२८ ऑक्टोबर

ताई,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदाच तुझा धडा मला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कळला, आणि तोच छापणार नाहीत म्हणे.

आम्ही नाचत होतो त्या दिवशीच भाऊजींचं नाव फाटकावर लागायचं ठरून गेलं होतं. कुणी मला तेव्हा थांबवलं असतं तरी मी थांबलो नसतो. तेवढा राग होता.

मला काम मिळालंय. हसू नकोस. त्याच गोदामात, आमच्या जुन्या कारखान्याच्या जागेत, खोकी उतरवायचं. जिथे माझी बैठक होती तिथे आता पंधरा हात उंच थप्पी आहे. बायकोने दोन घरं सोडली. मी तिला म्हटलं, तिसरंही सोड. म्हणाली, "तुझं किती दिवस टिकतंय ते बघते आधी." पहिल्यांदा बोलली, तेही असं.

तुम्ही दोघं इकडे या. जागा लहान आहे, पण आहे. भाऊजींना मी काय तोंड दाखवणार ते माझं मी बघेन.

धाकटा


१७ डिसेंबर

धाकट्या,

येणं होणार नाही. तुझे भाऊजी गेले. घाबरू नकोस, कामाला गेले. त्या तिसऱ्या देशात.

तिथल्या कारखान्याला चाकं बांधायला शिकवणारी माणसं हवी होती. हात अधू असला तरी चालेल, म्हणाले, तोंडाने शिकवा. आमच्या सरकारने स्वतः यादी करून दिली. मी खूप भांडले. म्हटलं, "ज्यांनी तुमचं काम घेतलं त्यांनाच शिकवायला जाता?" हे म्हणाले, "काम त्यांनी नाही घेतलं. त्यांनाही कुणीतरी कमी पगारात बसवलंय." आणि मग चिडून, "आणि पतपेढीचं कोण भरणार? तू धडे लिहून भरणार?" त्या दिवशी आम्ही एकमेकांना नको ते बोललो.

निघताना सरकारी निरोपसमारंभ होता. मोठा हॉल, हार, एक उपसचिव. ते म्हणाले, ही माणसं देशाला परकीय चलन मिळवून देणार आहेत, ते घरी पाठवतील तो पैसा देशाच्या जमेच्या बाजूला धरला जाईल. मग फोटो. बायकांनाही उभं केलं. फोटोवाला मला म्हणाला, "बाई, थोडं हसा."

मी म्हटलं, "हसू शिल्लक नाही. सगळं साहेबांकडे जमा आहे."

उपसचिवांनी ऐकलं. हे माझा हात दाबत होते, गप्प बस म्हणून. डाव्या हाताने. मी गप्प बसले नाही, पण गाडी सुटायची वेळ झाली.

ताई


९ फेब्रुवारी

धाकट्या,

सगळं लिहिते, कारण यांना लिहिलं तर ते तिथे काळजी करत बसतील.

जानेवारीत आम्ही कामावरून काढलेल्यांच्या घरच्या बायका अर्थखात्याच्या कचेरीसमोर जाऊन बसलो. मागणी एकच ठेवली, म्हणजे फाटे फुटणार नाहीत: उपचार केंद्र उघडा. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, परत याल तेव्हा जागा असेलच असं नाही. मी म्हटलं, बरं.

थंडी मरणाची. पहिल्या दिवशी पोलिसांनी उठवलं, आम्ही समोरच्या फुटपाथवर बसलो. तिथून उठवलं, पुन्हा पायऱ्यांवर. चौथ्या-पाचव्या दिवशी एक अधिकारी खाली आले. वयस्कर, सभ्य गृहस्थ. माझ्याशी हळू आवाजात बोलले, जसं काही आम्ही दोघं एकाच पक्षाचे.

"बाई, तुम्ही विषय जाणता. समजून घ्या. पैसा नाही असं नाही."

"मग केंद्र उघडा."

"उघडलं तर शिल्लक कमी दिसेल हो."

त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी मागे वळून बायकांना मोठ्याने सांगितलं, "ऐकलंत का? पैसा आहे. पण आपल्यावर खर्च केला तर कमी दिसेल!" त्यानंतर जो आवाज उठला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. त्या गृहस्थांना आत नेताना शिपायांची तारांबळ उडाली. दुसऱ्या दिवशी ते वाक्य सगळ्या वर्तमानपत्रांत होतं. अर्थमंत्री म्हणाले, असं कुणी बोललंच नाही. आठवड्याने केंद्र उघडायचा हुकूम निघाला. अर्धा दिवस, आठवड्यातून चारदा. एवढंच. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांना काहीही नाही. त्यासाठी आम्ही पुन्हा बसणार आहोत. शाळेतली माझी जागा भरलीय, तेव्हा वेळ आहे.

काल केंद्राचा पहिला दिवस होता. आम्ही सगळ्या गेलो, बघायला. भिंतींना नवा रंग नाही, खुर्च्या त्याच, शेकाची यंत्रं त्याच जुन्या कापडाने झाकलेली. उपचार करणारी मुलगी नवीन होती. तिने जुन्या रुग्णांचे कागद काढले आणि एकेकाला पुकारायला लागली. दोघं-तिघं उठून गेले. मग तिने तुझ्या भाऊजींचं नाव घेतलं.

कुणी उठेना. तिने पुन्हा घेतलं. मग विचारलं, "आलेले नाहीत का?"

मी उभी राहिले. म्हटलं, "त्यांची निर्यात झाली."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं. त्या मुलीला काय लिहावं ते कळेना. मग तिने तो कागद सगळ्यांत खाली ठेवला आणि पुढचं नाव पुकारलं.

ताई